मायनस दोन की मायनस तीन? एका गाण्याच्या पट्टीचं प्रकरण

डोंबिवलीत आमचा कराओकेवर गाणाऱ्यांचा गट आहे. दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. बहुतेक मंडळी निवृत्त; कुणी बँकेतून, कुणी रेल्वेतून, कुणी शाळेतून. मी गाणाऱ्यांतला नाही. लॅपटॉप, मिक्सर आणि दोन माइक सांभाळतो. पेटी थोडीफार वाजवतो, त्यामुळे ‘ह्याला सुरातलं कळतं’ असा एक गैरसमज गटात आहे, आणि तो मी मोडलेला नाही.

गणपती गेल्यावरच्या पहिल्याच शनिवारी बाई आल्या. बाई म्हणजे मला सातवीत मराठी शिकवलेल्या बाई. वय ६१. कॉलेजात असताना भावगीतांच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली, मग नोकरी आणि संसारात गाणं मागे पडलेलं. कोजागरीच्या कार्यक्रमात त्यांना एक गाणं म्हणायचं होतं. हातात महिनाभर वेळ.

“अरे, ट्रॅक व्हॉट्सॲपवर पाठवलाय बघ. ओरिजिनल स्केलचाच आहे, शोधून काढलाय.”

गाण्याचं नाव मी इथे मुद्दाम सांगत नाही. नाव वाचलं की मनात लगेच मूळ गायिकेचा आवाज सुरू होतो, आणि सगळा घोळ तिथूनच होतो. एवढं सांगतो: साठच्या दशकातलं मराठी भावगीत, काळी चारमधलं (म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा त्याचा ‘सा’), केरवा तालातलं, तीन अंतऱ्यांचं.

बाईंनी ध्रुवपद म्हटलं आणि हॉलमधल्या कुजबुजी थांबल्या. शब्द स्वच्छ, आवाजाला वजन. “वा!” वगैरे झालं. मग अंतरा आला. दुसऱ्या ओळीत सूर वर चढला, तसा बाईंचा आवाज आधी पातळ झाला, मग चिरकला. शेवटची ओळ त्यांनी खालच्या सप्तकात उतरवून कशीबशी निभावली. पुढचे दोन अंतरे म्हटलेच नाहीत.

गटातली निदानं तयारच असतात. “रियाझ वाढवा.” “सवयीने येईल.” एका काकूंनी ज्येष्ठमध आणि खडीसाखर सुचवली. बाई मात्र मिक्सरपाशी येऊन हळूच म्हणाल्या, “घरी तर लागत होता रे सूर. आवाज गेला की काय माझा?”

घरी सूर लागत होता, हे खोटं नव्हतं. पण घरी त्या मूळ गाणं लावून, त्याच्या आवाजावर आपला आवाज ठेवून गात होत्या. असं गायलं की सगळ्यांचाच सूर पोचतो. जिथे आपला पोचत नाही तिथे मूळ गायिकेचा ऐकू येतो आणि कानाला तो आपलाच वाटतो. शिवाय स्वयंपाकघरात आपण निम्म्या आवाजात गातो. गुणगुणताना हलक्या आवाजाने जे सूर सहज मिळतात, ते माइकसमोर उभं राहून, मागे तबला वाजत असताना, भरल्या आवाजात मिळतीलच असं नाही.

आवाज गेला का, याचंही उत्तर द्यायचं होतं. गेला नव्हता, बदलला होता. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकं बदलतात, स्वरतंतू जरा जाड होतात आणि बायकांचा आवाज खाली उतरतो. बोलण्याचाही उतरतो, फोनवर ‘काका’ म्हणणारे लोक भेटायला लागतात. पुरुषांचा उतारवयात उलट थोडा वर सरकतो. विशीत बाईंनी हेच गाणं काळी चारमध्ये म्हटलं असेल आणि बक्षीसही मिळवलं असेल. तो गळा आता वेगळा आहे, एवढंच. (घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं, तिथे ज्येष्ठमध पुरत नाही. बाईंना तसं काही नव्हतं.)

“मग खाली घे,” बाई म्हणाल्या. “किती घ्यायचं ते सांग.”

किती, हाच प्रश्न होता.

मोजणी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी घेऊन बाईंकडे गेलो. सकाळची वेळ टाळली, कारण झोपेतून उठल्यावर आवाज जड असतो. तेव्हा खालचे सूर फुकटात मिळतात, वरचे रुसतात, आणि आपला कार्यक्रम रात्री होता.

सप्तकात काळ्या-पांढऱ्या मिळून १२ पट्ट्या. आधी गाण्याचं मोजमाप काढलं. काळी चारचा षड्ज (सा) धरला तर गाण्यातला सर्वांत खालचा सूर मंद्र धैवत (खालच्या सप्तकातला ध), म्हणजे १७५ हर्ट्झच्या आसपास; हर्ट्झचा आकडा मोठा तितका सूर उंच. सर्वांत वरचा तार मध्यम (वरच्या सप्तकातला म), साधारण ५५४ हर्ट्झ. दोघांत २० पट्ट्यांचं अंतर.

मग बाईंचा गळा. मधल्या एका सुरापासून ‘आ’कारात एकेक पट्टी खाली. १६५ हर्ट्झपर्यंत सूर भरलेला. त्याखाली आणखी दोन पट्ट्या, १४७ पर्यंत, मिळतात. पण तिथे सूर कमी आणि हवा जास्त. वर ४४० पर्यंत मोकळा, ४९४ ला पोचतो पण मान ताणली जाते. त्यापुढे चिरकतो. म्हणजे ताणूनतुणून २१ पट्ट्या, आरामात १७.

गाणं २०, गळा २१. कागदावर गाणं बसलं, एक पट्टी शिल्लक ठेवून. मायनस दोनला, म्हणजे मूळ पट्टीपेक्षा दोन पट्ट्या खाली, ते खालून १५६ आणि वरून ४९४, मायनस तीनला खालून १४७ आणि वरून ४६६. दोन्ही वेळा आतच. मोबाइलवरची ‘तुमची रेंज मोजा’ छापाची ॲप्स इथेच थांबतात आणि हिरवी खूण दाखवतात. आमच्या गटातले एक निवृत्त इंजिनिअर काका असंच एक ॲप वापरतात. त्यांनी आकडे ऐकले आणि म्हणाले, “मायनस दोन. ट्रॅक जितका कमी हलवाल तितका चांगला. वर जाता येतंय, खालचा सूरही ऐकू येतोय. विषय संपला.”

मला तो संपलेला वाटेना. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सूर हे गाण्याच्या गावाची वेस आहेत. माणूस वेशीवर राहत नाही. गाणं मुक्कामाला कुठे असतं, ते बघायचं.

म्हणून कागद-पेन्सिल घेऊन मूळ गाणं तीनदा ऐकलं. ज्या तार मध्यमाची सगळ्यांना भीती, तो प्रत्येक अंतऱ्यात एकदाच येतो, तोही मुरकीत. अर्धा सेकंदही नाही. तसा निसटता सूर थोडा ओझरता लागला तरी चालतं, आणि बाईंच्या गळ्यात मुरकी अजून शाबूत होती. त्रास होता तो तार रिषभाचा (वरच्या सप्तकातला रे). प्रत्येक अंतऱ्यात दोनदा, दर वेळी केरव्याचं पूर्ण आवर्तन लांबवलेला, म्हणजे चारेक सेकंद. तीन अंतऱ्यांचे मिळून २४ सेकंद बाईंना त्या एकाच सुरावर उभं राहायचं होतं. आणि त्या जागी शब्दाचा शेवट ‘ई’ने होत होता.

हा ‘ई’ फार महागात पडतो. ‘आ’ म्हणताना जबडा खाली येतो, तोंड मोकळं होतं, वरचा सूर तुलनेने सहज निघतो. ‘ई’ला जीभ टाळूकडे चढते, जागा अरुंद होते आणि गळा आवळायला लागतो. मी बाईंना तोच चढता क्रम ‘ई’वर करायला लावला. ‘आ’वर ४४० पर्यंत मोकळा असलेला आवाज ‘ई’वर ३९२ पर्यंतच मोकळा राहिला. दोन पट्ट्यांचा फरक, फक्त एका स्वराक्षराने.

मूळ गाण्यात तो लांबवलेला रिषभ ४६६ वर आहे. मायनस दोनला तो ४१५ वर येतो, मायनस तीनला बरोबर ३९२ वर.

माझ्या लेखी निकाल तिथेच लागला होता. पण मायनस तीनला मंद्र धैवत १४७ वर जात होता, अगदी गळ्याच्या तळाशी. आणि धैवत ध्रुवपदाच्या शेवटच्या शब्दावर होता. ध्रुवपद सुरुवातीला दोनदा, मग प्रत्येक अंतऱ्यानंतर एकदा. एकूण पाच वेळा तो शब्द बुडणार.

“तो शब्द म्हणजेच तर कविता आहे,” बाई म्हणाल्या. मराठीच्या बाई.

दोन शनिवार

पुढच्या शनिवारी मायनस दोन, म्हणजे काळी तीन. ट्रॅक मी ऑडासिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली उतरवून ठेवला होता. पूर्वी टेपचा वेग कमी केला की सूर उतरायचा पण गाणंही रेंगाळायचं. आता वेग तसाच ठेवून सूर हलवता येतो. दोन-तीन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्याखाली डग्गा फुगतो, बासरी घशातून वाजल्यासारखी वाटते, आणि मग ‘हे ते गाणंच नाही’ अशी तक्रार येते. ती तक्रार बऱ्याचदा गायकाविषयी नसते, तबल्याविषयी असते.

पहिला अंतरा बाईंनी सुरेख म्हटला. काकांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. दुसऱ्यात रिषभ लागला, पण शेवटाकडे किंचित खाली घसरला. तिसऱ्यात बाईंनी त्या ‘ई’च्या आधीच श्वास तोडला आणि आवर्तन अर्धं राहिलं. टाळ्या पडल्या. गटात टाळ्या पडतातच; तो काही पुरावा नव्हे.

त्या पुढच्या शनिवारी मायनस तीन, पांढरी चार. तिन्ही अंतरे सारखे. तिसऱ्यात तर बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शब्दांचा अर्थ दिसला. गळा सांभाळण्यात गुंतलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर अर्थ येत नाही. पण ध्रुवपदाचा शेवट खरोखर बुडाला. काकांनी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. “हे बघा, शेवटचा शब्दच नाही!” नव्हताच. बाई पडल्या चेहऱ्याने घरी गेल्या.

रात्री तेच रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून ऐकलं. शब्द होता. बारीक होता, पण होता, आणि सुरात होता. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला १४७ हर्ट्झचा मूळ सूर धड वाजवताच येत नाही. काका ऐकत होते तो बाईंचा गळा नव्हता, मोबाइलचा होता. (काकांना हे सांगितलं तेव्हा ते इंजिनिअर असल्यामुळे गप्प बसले. दुसरं कुणी असतं तर वाद घातला असता.)

इथे एक गोष्ट कामाला आली, ती माइक सांभाळणाऱ्यांना ठाऊक असते: खालच्या सुराला मदत करता येते, वरच्याला नाही. गाण्याचा माइक ओठांच्या अगदी जवळ आणला की खालचा पट्टा आपोआप फुगतो. ट्रॅकचा बेस जरासा कापला तर डग्गा आणि गिटार त्या शब्दावर बसत नाहीत. पण आवळलेल्या गळ्यातून निघालेला ४१५ चा ‘ई’ कुठल्याच बटणाने मोकळा होत नाही. इको वाढवला तर आवळलेपणा दोनदा ऐकू येतो.

मी आणखी एक पळवाट सुचवली. “बाई, शेवटी धैवतावर न उतरता षड्जावरच थांबलात तर? कुणाच्या लक्षात येणार नाही.”

“माझ्या येईल. चाल बदलायची नाही.” सातवीत निबंधावर लाल शाईने शेरा मारताना जो आवाज असायचा, तोच.

‘ओरिजिनल’चा हट्ट

मधल्या आठवड्यात गटात भलतीच चर्चा पेटली. मूळ पट्टीत म्हणायचं नसेल तर ते गाणं म्हणूच नये, असं एक मत. पुरुषांत हा हट्ट जास्त. रफीसाहेबांचं गाणं खाली घेतलं म्हणजे जणू त्यांचा अपमान झाला. मग भुवया वर, टाचा वर, सूर तिथेच. गळा हेमंतकुमारांच्या वळणाचा असलेला माणूस हयातभर रफी गात बसतो आणि आपल्याला गाता येत नाही अशी समजूत करून घेतो. मला हे फार वाईट वाटतं.

मूळ पट्टी काही दगडावरची रेघ नव्हे. ती त्या दिवशी स्टुडिओत उभ्या असलेल्या एका गळ्यासाठी निवडलेली असते. तोच गायक पुढे मैफलीत, वय झाल्यावर, तेच गाणं खाली घेऊन गातो आणि आपण माना डोलावतो. जुन्या रेकॉर्ड्स तर टेपच्या आणि तबकडीच्या वेगातल्या फरकांमुळे पुष्कळदा दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी वाजतात. कराओके करणारा त्या जवळच्या पट्टीत बसवतो आणि वर ‘ओरिजिनल स्केल’ असं लिहितो.

आणि कराओकेचा जन्मच मुळी गळ्याला साथ बेतण्यातून झालेला आहे. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक हौशी गाणाऱ्यांना साथ करायचे. गाणारा जिथे अडखळेल तिथे सांभाळून घ्यायचे. त्यांच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला सहलीत त्यांचीच साथ हवी होती. इनोउएंना जाता येईना, म्हणून त्यांनी त्या गृहस्थाच्या गाण्याला जुळेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून पुढे १९७१ मध्ये त्यांनी ११ यंत्रं बनवून बारमध्ये भाड्याने लावली. पेटंट मात्र घेतलं नाही. म्हणजे कराओकेच्या मुळाशी ‘हा माणूस असा गातो, तर साथ अशी हवी’ एवढाच विचार होता. आपण ट्रॅक तेवढा उचलला आणि विचार तिथेच सोडला.

हे मी शनिवारी सांगून पाहिलं. रफीवाल्या काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मूळ पट्टीतलंच गाणं लावायला सांगितलं.

निर्णय

मी बाईंना दोन्ही रेकॉर्डिंगं पाठवली, हेडफोनवर ऐकायला सांगून. अट एकच: गायल्या रात्री ऐकायचं नाही, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. गाऊन आल्याआल्या कानात आपल्याला काय म्हणायचं होतं ते घुमत असतं, काय म्हटलं ते नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला.

“मायनस दोनमध्ये मी तिसऱ्या अंतऱ्याला घाबरलेय. ऐकू येतंय ते.”

“आणि मायनस तीनमध्ये?”

“तिथे शब्द हळू झालाय. हळू बोललेलं लोक कान देऊन ऐकतात. वर्गातला अनुभव आहे माझा.” थोडं थांबून म्हणाल्या, “पण गाणं बदलूया का, असं तुला एकदाही वाटलं नाही?”

वाटलं होतं. खरं सांगायचं तर कोरड्या हिशेबाने उत्तर तेच होतं. आरामातल्या १७ पट्ट्यांच्या गळ्यात २० पट्ट्यांचं गाणं कुठल्याही पट्टीत घेतलं तरी कुठेतरी टोचणारच. त्यांना शोभतील अशी, १४-१५ पट्ट्यांत फिरणारी कितीतरी भावगीतं आहेत, आणि कुणी अनोळखी माणूस ट्रॅक घेऊन आला असता तर मी तेच सांगितलं असतं. पण हे गाणं बाईंनी निवडलेलं होतं, आणि का, ते मी विचारलं नाही. टोचणार असेल तर ते कुठे टोचावं, एवढंच ठरवणं माझ्या हातात होतं. पाच वेळा एक क्षण खाली टोचणं आणि २४ सेकंद वर लटकणं यांत मी पहिलं निवडलं असतं. बाईंनीही तेच निवडलं.

उरलेल्या दहा दिवसांत सूर वाढवायचा कसलाही खटाटोप केला नाही. रोज दहा मिनिटं फक्त ध्रुवपदाची शेवटची ओळ. तीही जोर लावून नव्हे, बोलल्यासारखी. खालच्या सुरावर जोर दिला की तो आणखी विरतो. शेवटच्या शब्दाच्या आधी अर्धा श्वास घ्यायचा आणि माइक ओठांजवळ आणायचा. ‘ई’ला ओठ फार न फाकवता, आत थोडी ‘ए’ची जागा ठेवायची. एवढंच.

कोजागरी

गच्चीवर कार्यक्रम. उघड्यावर आवाज परत येत नाही, त्यामुळे गाणाऱ्याला आपला आवाज कमी ऐकू येतो आणि तो नकळत ओरडायला लागतो. म्हणून एक छोटा स्पीकर बाईंच्या दिशेने फिरवून ठेवला. मसाला दुधाचं पातेलं समोरच होतं. बाईंनी गाणं होईपर्यंत हात लावला नाही.

ध्रुवपदाच्या पहिल्या खेपेला धैवत बुडाला. मी ट्रॅकचा बेस कापायला विसरलो होतो. दुसऱ्या खेपेपर्यंत कापला, आणि शब्द मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला. पहिला अंतरा, दुसरा अंतरा. तिसऱ्यातला पहिला रिषभ सरळ, दुसरा त्याहून सरळ. आवर्तन पूर्ण भरून बाईंनी तो सोडला तेव्हा त्यांच्याकडे श्वास शिल्लक होता. मुरकीतला मध्यम जरा झाकला गेला. शेवटच्या धैवतावर त्या जवळजवळ बोलल्याच.

खाली उतरल्यावर इंजिनिअर काका मला म्हणाले, “छान झालं. पण मायनस दोनला आणखी खुललं असतं.”

बाई दुधाचा पेला घेऊन मिक्सरपाशी आल्या आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. दिवाळीनंतरच्या शनिवारसाठी नवीन गाण्याचं नाव, त्याखाली मूळ पट्टी, आणि त्याखाली लाल शाईत अधोरेखित केलेला आकडा: ३:१०. तिसरा अंतरा तिथे सुरू होत होता.